बॅकअप सर्व्हरच बसला तर: बॅक्युलाचा कॅटलॉग नव्या मशीनवर चढवताना

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत जे लहान-मध्यम कारखाने आहेत, त्यांच्यातल्या अनेकांचा बॅकअप एखाद्या असेंबल केलेल्या मशीनवर चालतो. ऑफिसचा कोपरा, शेजारी यूपीएस, आत लिनक्स आणि बॅक्युला हे बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर. रोज रात्री टॅलीचा डेटा, डिझाइनची ड्रॉइंग्ज, डिस्पॅचच्या एक्सेल शीट सगळं तिथे गोळा होतं. खाडीकडचा दमट वारा आणि पावसाळ्यातलं विजेचं जाणं-येणं सोसून एक दिवस मदरबोर्ड किंवा एसएसडी दगावते आणि ज्याच्याकडे सगळ्यांचा बॅकअप होता तोच सर्व्हर बंद पडतो. त्या दिवशी काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि मध्येच अडलं तर नेमकं कुठे पाहायचं, ते इथे लिहितो आहे.

मी गृहीत धरलंय की लिनक्सवर बॅक्युला आहे, त्याचा डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि व्हॉल्यूम, म्हणजे बॅकअपचा डेटा ज्यांत साठतो त्या मोठ्या फाइली, डिस्कवर किंवा नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या खोक्यावर) आहेत. बॅक्युलातूनच फुटून निघालेला बेरिओस वापरत असाल तर फाइलींची आणि कमांडची नावं थोडी वेगळी दिसतील, पण क्रम हाच ठेवा.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. तुमचा डेटा व्हॉल्यूममध्ये आहे. कॅटलॉग म्हणजे डेटाबेस, त्यात फक्त कुठली फाइल कुठल्या व्हॉल्यूममध्ये, कुठे आणि कधीची, एवढीच नोंद असते. कॅटलॉग पूर्ण गेला तरी व्हॉल्यूम वाचून तो पुन्हा उभा करता येतो. उलट व्हॉल्यूमवर काही वेगळं लिहिलं गेलं तर कॅटलॉग कितीही धडधाकट असला तरी हाती काही लागत नाही. म्हणून रिस्टोअरच्या कामात पहिलं काम रिस्टोअरचं नसतं, व्हॉल्यूम वाचवण्याचं असतं.

आधी व्हॉल्यूम सांभाळा

जुन्या मशीनची लॅन केबल काढा. ते मेलंय असं वाटत असलं तरी काढा. दुसऱ्या दिवशी कोणीतरी चांगल्या हेतूने बटण दाबतं, मशीन सुरू होतं आणि एकाच आयपीचे, एकाच नावाचे दोन डायरेक्टर (बॅकअपची कामं लावणारा बॅक्युलाचा मुख्य प्रोग्रॅम) त्याच नॅसवर लिहायला लागतात. याहून वाईट अवस्था मला सुचत नाही.

बिघाडाचं कारण रॅन्समवेअर असण्याची शंका असेल तर पुढचं काहीही करू नका. नॅसही नेटवर्कपासून तोडा आणि आधी तपास होऊ द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते.

नव्या मशीनवर व्हॉल्यूमचं फोल्डर माउंट कराल ते रीड-ओन्ली. चाचणीचं रिस्टोअर यशस्वी होईपर्यंत ते तसंच राहू द्या. फाइल काढताना स्टोरेज डिमनला, म्हणजे व्हॉल्यूम वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला, फक्त वाचायचं असतं, त्यामुळे काम अडत नाही. अडलं तरी बिघडत नाही, कारण त्याचा अर्थ कोणीतरी लिहायला निघालं होतं.

मग घड्याळ पाहा. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून घाईत आणलेल्या जुन्या मशीनची सीमॉस बॅटरी संपलेली असू शकते. तारीख पुढची असेल तर बॅक्युलाच्या हिशेबाने सगळ्या व्हॉल्यूमची मुदत संपलेली असते आणि ती वापरायला मोकळी ठरतात. टाइमझोनही तपासा. नव्याने टाकलेला लिनक्स अनेकदा यूटीसीवर असतो. बॅक्युलासोबत येणाऱ्या कॉन्फिगमध्ये रोजचे जॉब, म्हणजे बॅकअपची कामं, रात्री २३:०५ ला आणि कॅटलॉगचा बॅकअप २३:१० ला लागतो. यूटीसीवर हेच २३:०५ म्हणजे आपल्याकडे पहाटे ४:३५. तुम्ही रात्री बाराला समाधानाने घरी जाता आणि पहाटे जॉब लागतात.

त्यासाठी डायरेक्टर सुरू करण्यापूर्वीच कॉन्फिगमध्ये दोन बदल करा. जॉबडेफ्समधल्या (सगळ्या जॉबच्या सामाईक सेटिंगमधल्या) आणि प्रत्येक जॉबमधल्या शेड्यूलच्या ओळीपुढे हॅश (#) टाका, म्हणजे ती ओळ धरली जात नाही. शेड्यूल नसलेला जॉब हाताने चालवल्याशिवाय चालत नाही. बीकन्सोलमधून, म्हणजे बॅक्युलाच्या कमांड खिडकीतून, जॉब डिसेबल करण्यावर विसंबू नका, डायरेक्टर रीस्टार्ट झाला की तो हुकूम विसरला जातो. दुसरा बदल ऑटोप्रूनचा, म्हणजे मुदत संपलेल्या नोंदी आपोआप काढण्याचा. तो पूलमध्ये (व्हॉल्यूमच्या गटात) असतो आणि क्लायंटमध्येही (ज्या पीसीचा बॅकअप घेतो त्याच्या भागात) असतो, दोन्हीकडे ‘नो’ करा. पूलमधला बंद करून क्लायंटमधला राहिला, तर हाताने चालवलेला एखादा चाचणीचा जॉबसुद्धा संपता संपता जुन्या नोंदी काढून टाकू शकतो.

या सगळ्यात एक-दोन दिवस जाणार असतील तर घाई करण्यापेक्षा टॅलीच्या डेटाची रोज एक साधी प्रत दुसऱ्या मशीनवर घ्यायला लागा. कंपनी कायद्याच्या लेखा-नियमांत ५ ऑगस्ट २०२२ ला झालेल्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवायचा आहे. अकाउंट्सच्या मॅडमना हे सांगून ती प्रत सुरू केली की तुमच्या डोक्यावरचा दबाव खूप कमी होतो आणि काम शांतपणे करता येतं.

हाताशी काय हवं

ईटीसीखालची (/etc) बॅक्युलाची पूर्ण कॉन्फिग डिरेक्टरी, कॅटलॉगचा ताजा डंप (डेटाबेसची मजकूर फाइलीत काढलेली प्रत) किंवा तो ज्या व्हॉल्यूममध्ये आहे ते व्हॉल्यूम, कॅटलॉगच्या जॉबची बूटस्ट्रॅप फाइल (तो डंप व्हॉल्यूममध्ये कुठे आहे ते सांगणारी), जुन्या मशीनचं होस्टनेम आणि आयपी, बॅक्युलाची आणि पोस्टग्रेसची आवृत्ती. क्लायंटवर एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याच्या किल्ल्या. टीएलएस असेल तर सर्टिफिकेटं.

कॉन्फिग गेली असेल तर हात टेकू नका, ती विखुरलेल्या रूपात कारखान्यातच असते. प्रत्येक पीसीवरच्या फाइल डिमनच्या (तिथल्या फाइली पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिगमध्ये डायरेक्टरचं नाव आणि त्या क्लायंटचा पासवर्ड लिहिलेला असतो. व्हॉल्यूमच्या लेबलमध्ये पूलचं नाव आणि मीडिया टाइप असतं, ते बीएलएस या कमांडने वाचता येतं. हे दोन गोळा केले की नव्या कॉन्फिगचा सांगाडा तयार होतो. फाइलसेट, म्हणजे कोणते फोल्डर घ्यायचे त्याच्या याद्या, मात्र आठवून लिहावे लागतात.

नवं मशीन जुन्यासारखंच उभं करा

नवीन मशीन आलंय तर नवीन लिनक्स टाकू, नवी बॅक्युला टाकू, नवा पोस्टग्रेस टाकू, असा मोह होतो. तो आवरा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आज मशीन बदललंय. तेच डिस्ट्रिब्युशन, बॅक्युलाची तीच आवृत्ती, तेच होस्टनेम, जमल्यास तोच आयपी आणि व्हॉल्यूमचा तोच माउंट पॉइंट. अपग्रेड पुढच्या महिन्यात करा. चार गोष्टी एकदम बदलल्या की एरर कोणामुळे आला हे शोधण्यातच रात्र जाते.

जुनी पॅकेजं मिळतच नसतील तर पोस्टग्रेस नवा चालतो, कारण जुन्या पोस्टग्रेसचा डंप नव्यावर चढतो. उलटं होईलच याची खात्री नाही. बॅक्युलाची आवृत्ती बदलावीच लागली तर त्याचं पुढे सांगतो.

जुनी डिस्क वाचता येत असेल तर पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी उचलून नव्या मशीनवर ठेवावी, असंही काहींच्या मनात येतं. मुख्य आवृत्ती तंतोतंत तीच असेल तरच ती सुरू होते. शिवाय लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीत २.२८ या आवृत्तीला, २०१८ मध्ये, अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले. डेबियन ९ वरून १० वर किंवा रेड हॅट ७ वरून ८ वर अशी डिरेक्टरी नेली तर मजकुरावरचे इंडेक्स चुकीचे ठरू शकतात आणि कोणताही एरर न येता काही ओळी सापडेनाशा होतात. त्यापेक्षा त्या डिस्कवरूनच तात्पुरता पोस्टग्रेस चालवून डंप काढणं बरं.

डंप व्हॉल्यूममध्येच अडकलाय

कॅटलॉगचा डंप बॅकअप सर्व्हरवरच तयार होतो आणि तिथून व्हॉल्यूममध्ये जातो. सर्व्हर गेला की तो फक्त व्हॉल्यूममध्ये उरतो. व्हॉल्यूममधून फाइल काढायला कॅटलॉग लागतो आणि कॅटलॉग तर त्याच फाइलीत आहे. हा पेच सोडवायला बीएक्स्ट्रॅक्ट ही कमांड आहे. त्याला ना डायरेक्टर लागतो, ना डेटाबेस. स्टोरेज डिमनची कॉन्फिग, व्हॉल्यूम आणि बूटस्ट्रॅप फाइल एवढ्यावर ते चालतं. ‘डॅश बी’ पुढे बूटस्ट्रॅप फाइल द्या, मग डिव्हाइसचं नाव, मग ज्या रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवायचं त्याचा पत्ता.

बूटस्ट्रॅप फाइल उघडून पाहिलीत तर ती चार-सहा ओळींची साधी मजकूर फाइल असते: व्हॉल्यूमचं नाव, सेशन आयडी, सेशन टाइम, व्हॉल्यूममधली जागा, फाइल इंडेक्स. ती रोज मेलवर पाठवण्याची सोय केलेली असेल तर आज तुमची अर्धी रात्र वाचली. नसेल तर ती हाताने लिहायची. फोल्डरमधलं सगळ्यात ताजं व्हॉल्यूम शोधा, त्यावर बीएलएस ‘डॅश जे’ लावून चालवा. त्या व्हॉल्यूममधल्या सगळ्या जॉबची यादी येते. तिच्यात शेवटचा कॅटलॉग बॅकअपचा जॉब शोधा, त्याच्या ओळीतला सेशन आयडी आणि सेशन टाइम घ्या आणि व्हॉल्यूमच्या नावासह तीन ओळी लिहून टाका. एवढ्यावरही बीएक्स्ट्रॅक्ट काम करतं. जागा दिलेली नसल्यामुळे ते पूर्ण व्हॉल्यूम चाळत जातं, म्हणून वेळ लागतो.

डंप कुठेच सापडला नाही तरच बीस्कॅन. ते प्रत्येक व्हॉल्यूम पहिल्या ब्लॉकपासून वाचून कॅटलॉग नव्याने भरतं. मोठ्या नॅसवर याला दिवस लागू शकतात, आणि जॉबचे लॉग त्यातून परत येत नाहीत. सगळ्या साठ्यावर बीस्कॅन हा शेवटचा उपाय, पण दोन-चार व्हॉल्यूमपुरता तो फार कामाचा आहे. त्याची गाठ पुढे पडेल.

डंप चढवताना: सगळ्यात जास्त इथेच अडतं

डंप मिळाला, पोस्टग्रेस चालू आहे. इथे बहुतेक जण रिकामा डेटाबेस तयार करतात आणि फाइल पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या कमांड प्रोग्रॅममध्ये, ढकलतात. पडद्यावर ओळी धावतात, शेवटी प्रॉम्प्ट येतो, झालं असं वाटतं. मग डायरेक्टर सुरू होतो, जॉबची यादी दिसते, तारखा दिसतात. रिस्टोअर करायला गेलं की बॅक्युला म्हणतो, ट्रीमध्ये एकही फाइल आली नाही, बहुधा तुमच्या रिटेन्शन पॉलिसीने (नोंदी किती दिवस ठेवायच्या त्या नियमाने) फाइली काढून टाकल्या असाव्यात. शेजारी उभे असलेले डिझाइनचे काका विचारतात, “दादा, तारीख दिसतेय पण आत एक ड्रॉइंग नाही. इतके दिवस रिकामाच बॅकअप घेत होता का?”

नाही काका, बॅकअप भरलेला आहे. रिटेन्शनवर घेतलेली शंकाही इथे चुकीची आहे. नोंदींचं टेबल चढलंच नाही, हे खरं कारण.

ते का चढलं नाही हे नीट समजून घ्या. बॅक्युला आपला डेटाबेस एसक्यूएल-आस्की या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) ठेवतो. लिनक्सवर फाइलीच्या नावात कुठलेही बाइट असू शकतात आणि बॅकअपवाल्याला ते जसेच्या तसे जपावे लागतात, म्हणून. नव्या पोस्टग्रेसमध्ये आपण साधा डेटाबेस तयार केला तर तो बहुधा यूटीएफ-८ होतो. यूटीएफ-८ डेटाबेस प्रत्येक नाव तपासून घेतो. युनिकोड मराठीत नाव दिलेल्या फाइली त्यातून सुखरूप जातात. पण मशीन शॉपच्या ड्रॉइंगच्या नावात ‘४५°’ असं अंशाचं चिन्ह असतं आणि ती फाइल जुन्या लॅटिन-१ च्या काळातली असेल तर ते चिन्ह एकट्या बी-शून्य बाइटने लिहिलेलं असतं. यूटीएफ-८ मध्ये तो बाइट एकटा येऊच शकत नाही. पोस्टग्रेस तिथे ‘इनव्हॅलिड बाइट सीक्वेन्स’ म्हणतो आणि थांबतो.

त्या एका ओळीपुरतं थांबलं असतं तर भागलं असतं. डंपमधला डेटा ‘कॉपी’ या हुकमाने चढतो आणि एका टेबलाची अख्खी कॉपी हा एकच हुकूम असतो. लाखो ओळींत एक ओळ बिघडली की सगळं टेबल मागे फिरतं आणि रिकामं राहतं. पीएसक्यूएल मात्र पुढच्या टेबलाकडे वळतं. म्हणून जॉबचं टेबल भरलेलं आणि फाइलींचं टेबल रिकामं, असं चित्र दिसतं.

उपाय सोपा आहे. डेटाबेस हाताने बनवू नका. बॅक्युलासोबत येणारी डेटाबेस तयार करण्याची स्क्रिप्ट वापरा, ती एन्कोडिंग बरोबर निवडते. हाताने करायचंच असेल तर टेम्प्लेट म्हणून ‘टेम्प्लेट-शून्य’ द्या, एन्कोडिंग एसक्यूएल-आस्की आणि कोलेशन व सीटाइप दोन्ही ‘सी’. टेम्प्लेट न दिल्यास पोस्टग्रेस ‘टेम्प्लेट-एक’ घेतो आणि एन्कोडिंग जुळत नाही म्हणून नकार देतो. आधीचा चुकीचा डेटाबेस मात्र पुसून टाका, त्याच्यावरच दुसऱ्यांदा चढवू नका.

चढवताना पडद्यावर विसंबू नका, सगळा आउटपुट आणि सगळे एरर एका लॉग फाइलीत घ्या. एरर दिसताच थांबायला सांगणारा पीएसक्यूएलचा पर्याय इथे गोत्यात आणतो. बॅक्युलाची स्क्रिप्ट डंप काढताना ‘क्लीन’ पर्याय वापरते, त्यामुळे डंपच्या सुरुवातीला जुनी टेबलं काढून टाकण्याचे हुकूम असतात. डेटाबेस रिकामा असल्याने तिथे ‘डज नॉट एक्झिस्ट’चे भराभर एरर येतात. ते निरुपद्रवी आहेत. पहिलं ‘क्रिएट टेबल’ दिसल्यानंतर आलेला प्रत्येक एरर मात्र गंभीर समजा आणि लॉगमध्ये तिथूनच शोधायला सुरुवात करा.

‘बॅक्युला नावाचा रोल नाही’ असा एरर येत असेल तर कारण सरळ आहे. एका डेटाबेसच्या डंपमध्ये पोस्टग्रेसचे यूजर येत नाहीत, ते सगळ्या सर्व्हरचे असतात. आधी रोल तयार करा, मग डंप चढवा, मग बॅक्युलाची परवानग्या देणारी स्क्रिप्ट चालवा.

अगदी पहिल्याच ओळींत ‘बॅकस्लॅश रिस्ट्रिक्ट’ ही कमांड कळत नाही अशी तक्रार आली तर डंप खराब झालाय असं समजू नका. ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा दुरुस्तीपासून पीजी-डंप साध्या डंपमध्ये ही ओळ घालतं. नव्या मशीनवरचं पीएसक्यूएल त्याआधीचं आहे. त्याच मुख्य आवृत्तीतली शेवटची दुरुस्ती टाका, तक्रार जाते.

जागेचाही हिशेब ठेवा. डंपमध्ये इंडेक्स नसतात, ते चढताना बांधले जातात. त्यामुळे चढलेला डेटाबेस डंपच्या फाइलीपेक्षा मोठा होतो, आणि चढताना वॉल फाइलीही (पोस्टग्रेसची बदलांची नोंदवही) जागा खातात. पोस्टग्रेसचं ‘मेंटेनन्स वर्क मेम’ हे सेटिंग मूळचं ६४ एमबी असतं. रॅम असेल तर तेवढ्या वेळापुरतं १ जीबी करा, इंडेक्स लवकर बांधले जातात. सगळं चढलं की ‘ॲनालाइझ’ चालवा, नाहीतर रिस्टोअरसाठी फोल्डरांची ट्री बांधायलाच फार वेळ जातो आणि सर्व्हर हळू आहे असा समज होतो.

पुढे जाण्याआधी जॉब, फाइल, पाथ आणि मीडिया या चार टेबलांतल्या ओळी मोजा. एकही शून्य नको. बॅक्युला ९ किंवा त्याआधीचा कॅटलॉग असेल तर फाइलनेम नावाचं वेगळं टेबलही असतं, तेही मोजा. ११ पासून ते फाइल टेबलातच मिसळलंय.

डायरेक्टरला डेटाबेस सापडत नाही

डायरेक्टरचा एरर तीन कारणं सुचवतो: पोस्टग्रेस चालू नाही, पासवर्ड चुकला किंवा कनेक्शन संपली. नव्या मशीनवर बरेचदा कारण चौथंच निघतं, ते पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं. आधी तो लॉग वाचा.

तिथे ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ असेल तर पाहा की तुम्ही कोणत्या यूजरने चाचणी करताय. पीअर पद्धतीत लिनक्सचा यूजर आणि पोस्टग्रेसचा रोल एकाच नावाचा लागतो. रूट म्हणून डायरेक्टरची कॉन्फिग तपासायला गेलात तर रूट आणि बॅक्युला जुळत नाहीत. सर्व्हिस मात्र बॅक्युला यूजरने चालते, म्हणून तिला अडचण येत नाही. चाचणीही बॅक्युला यूजर होऊनच करा. रूटने डायरेक्टर चालवल्यास त्याच्या कामाच्या फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फाइली तयार होतात, त्यांचा त्रास नंतर वेगळा होतो.

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल तर पोस्टग्रेसची आवृत्ती पाहा. १४ पासून पासवर्ड मुळात स्क्रॅम पद्धतीने ठेवले जातात, त्याआधी एमडी-५ ने. जुने रोल जसेच्या तसे आणले आणि नव्या सर्व्हरच्या एचबीए फाइलीत (कोणाला कसं आत घ्यायचं ते लिहिलेल्या) स्क्रॅमच मागितलंय, तर पासवर्डचा जुना हॅश, म्हणजे साठवलेलं सांकेतिक रूप, चालत नाही. त्या रोलला तोच पासवर्ड पुन्हा सेट करा, नवा हॅश तयार होतो. ‘पब्लिक स्कीमा’साठी परवानगी नाही असं दिसलं तर पोस्टग्रेस १५ किंवा पुढचा आहे. त्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेसच्या पब्लिक स्कीमात कोणालाही टेबल बनवायची मुभा राहिलेली नाही. डेटाबेसची मालकी बॅक्युला रोलला द्या किंवा त्या स्कीमात बनवण्याची परवानगी द्या.

‘व्हर्जन एरर’ येऊन अमुक हवं होतं, अमुक मिळालं असं म्हणाला तर बॅक्युलाची आवृत्ती जुन्याशी जुळलेली नाही. टेबलं अद्ययावत करण्याची स्क्रिप्ट पॅकेजसोबत असते. ती चालवण्याआधी चढलेल्या डेटाबेसचा नवा डंप घ्या, आणि ९ वरून ११ वर जाताना डिस्कवर भरपूर मोकळी जागा ठेवा, कारण फाइलींचं पूर्ण टेबल नव्याने लिहिलं जातं. मागे येण्याची स्क्रिप्ट नाही.

स्टेटस दोन्हीकडे बरोबर, तरी बॅकअप लटकतो

डायरेक्टर ९१०१, फाइल डिमन ९१०२, स्टोरेज डिमन ९१०३ ही पोर्टं. बीकन्सोलमधून क्लायंटचं स्टेटस येतं, स्टोरेजचं येतं, पण जॉब लावला की क्लायंटला स्टोरेज मिळत नाही. याचं कारण म्हणजे तिसरी वाट. डेटा डायरेक्टरमधून जात नाही, पीसीवरचा फाइल डिमन थेट स्टोरेज डिमनकडे जातो. त्याला पत्ता डायरेक्टरच देतो आणि तो डायरेक्टरच्या कॉन्फिगमधल्या स्टोरेज भागातून येतो. तिथे ‘लोकलहोस्ट’ लिहिलं असेल तर प्रत्येक पीसी स्टोरेज स्वतःमध्येच शोधत बसतो. सर्व्हरचा स्वतःचा बॅकअप आणि कॅटलॉगचा जॉब मात्र बिनधोक होतो, त्यामुळे फसायला होतं. तिथे असं नाव किंवा आयपी लिहा जो शॉप फ्लोअरवरच्या पीसीवरूनही पोचतो, आणि सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ९१०३ उघडा.

‘ऑथरायझेशन प्रॉब्लेम’ दिसला तर नावं आणि पासवर्ड दोन्ही पाहा. डायरेक्टरचं नाव होस्टनेमवरून आपोआप ठरलेलं असेल आणि होस्टनेम बदललं असेल, तर पासवर्ड बरोबर असूनही सगळे क्लायंट नकार देतात. अशा वेळी पन्नास पीसींची कॉन्फिग बदलत बसण्यापेक्षा डायरेक्टरला त्याचं जुनं नाव द्या.

नॅस दिसतो, पण उघडत नाही

एनएफएस, म्हणजे नॅस लिनक्सला जोडण्याची पद्धत, तिच्या तिसऱ्या आवृत्तीत यूजरचं नाव जात नाही, नंबर जातो. जुन्या मशीनवर बॅक्युलाचा नंबर वेगळा होता, नव्यावर पॅकेजने दुसरा दिला, आणि फाइली कोणा भलत्याच्याच मालकीच्या दिसतात. नॅसवरच्या हजारो फाइलींची मालकी बदलण्यापेक्षा नव्या मशीनवर बॅक्युलाला जुना नंबर द्या. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर मालकी बरोबर असूनही नकार येत असेल तर एसई-लिनक्स या सुरक्षा व्यवस्थेचं लेबल पाहा. स्थानिक डिस्कवरच्या व्हॉल्यूम फोल्डरला बॅक्युला-स्टोअरचं लेबल लावा. एसई-लिनक्स बंद करून टाकू नका.

सर्व्हर रीस्टार्ट करून एकदा पाहाच. नॅस माउंट होण्याआधी स्टोरेज डिमन सुरू झाला तर त्याला रिकामं फोल्डर दिसतं, आणि पुढे शेड्यूल चालू झाल्यावर तो त्याच फोल्डरात, म्हणजे रूट डिस्कवर, व्हॉल्यूम बनवत सुटतो. सिस्टिमडीमध्ये (सर्व्हिस सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ लावून डिमनला माउंटची वाट पाहायला लावा.

कॅटलॉग जुना, व्हॉल्यूम नवी

डंप काल रात्रीचा असेल आणि त्यानंतरही काही जॉब झाले असतील तर व्हॉल्यूममध्ये कॅटलॉगला माहीत असलेल्यापेक्षा जास्त डेटा आहे. बॅक्युला त्यावर पुढे लिहायला गेला की आकार जुळत नाहीत अशी तक्रार करतो. हे बॅक्युलाचं शहाणपण आहे, त्यावर जबरदस्ती करू नका. ज्या व्हॉल्यूमची स्थिती ॲपेंड (पुढे लिहायला खुली) आहे त्या सगळ्यांची स्थिती बीकन्सोलमधून यूज्ड करा. नवे जॉब नव्या व्हॉल्यूमवर जातील.

मग फोल्डरमधल्या फाइलींची यादी आणि मीडिया टेबलमधली यादी शेजारी ठेवून ताडून पाहा. फोल्डरमध्ये आहे पण टेबलात नाही, असं व्हॉल्यूम डंपनंतर लेबल झालेलं आहे. ते तसंच सोडलं तर आपोआप लेबल देताना बॅक्युला पुन्हा तेच नाव निवडू शकतो आणि आधीच्या फाइलीवर अडखळतो. अशा व्हॉल्यूमवर, आणि ज्यांचा आकार जुळत नव्हता त्यांच्यावर, बीस्कॅन चालवा. त्याआधी कॅटलॉगचा डंप घ्यायला विसरू नका. हरवलेल्या रात्रीचे जॉब पुन्हा यादीत दिसायला लागतात.

चाचणी आणि पहिली रात्र

चाचणीसाठी काकांनाच विचारा की कोणतं ड्रॉइंग हवंय. मोठ्या फोल्डरच्या खोलात असलेलं, महिन्याभरापूर्वीचं एखादं निवडा. ते मूळ जागी नको, वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा. मूळ फाइल पीसीवर शाबूत असेल तर दोघांचा चेकसम जुळवा, आणि कॅडमध्ये उघडून काकांच्या डोळ्यांखालून घाला. मग वेगळ्या पूलमधली, वेगळ्या क्लायंटची एक फाइल. टॅलीचं एक पूर्ण कंपनी फोल्डर काढून दुसऱ्या पीसीवर उघडून पाहा.

हे झालं की माउंट रीड-राइट करा, एका लहान क्लायंटचा इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या फाइलींचा बॅकअप) हाताने चालवा आणि लॉग शेवटपर्यंत वाचा. ‘कॅटलॉगमध्ये योग्य फुल बॅकअप सापडला नाही, फुल करतो आहे’ असं आलं तर जॉब तिथेच रद्द करा. जॉब, क्लायंट किंवा फाइलसेट यांपैकी कशाचं तरी नाव बदललंय, किंवा फाइलसेटमध्ये एखादी ओळ इकडची तिकडे झाली आहे. बॅक्युला फाइलसेटच्या मजकुराचा ठसा ठेवतो आणि तो बदलला की आधीचे फुल धरत नाही. कॉन्फिग आठवून लिहिली असेल तर हे होणारच, अशा वेळी फुल रोज एका क्लायंटचं याप्रमाणे वाटून घ्या. जुनी कॉन्फिग आणली असूनही होत असेल तर फरक शोधा. नाहीतर पहिल्याच रात्री सगळ्या पीसींचे फुल लागतील आणि नॅस सकाळपर्यंत भरून जाईल.

शेड्यूलच्या ओळींवरचे हॅश एक-एक जॉब करून काढा. ऑटोप्रून सगळ्यात शेवटी, पहिला पूर्ण आठवडा बिनतक्रार गेल्यावर. त्याच दिवशी कॅटलॉगचा नवा बॅकअप घ्या आणि डंप, बूटस्ट्रॅप फाइल व ईटीसीखालची डिरेक्टरी या तिन्हींची रोजची प्रत या मशीनच्या बाहेर जाईल अशी सोय करा. मेलवर, दुसऱ्या इमारतीतल्या पीसीवर, कुठेही, पण त्याच नॅसवर नको. जुन्या मशीनच्या डिस्कवर तारीख आणि होस्टनेमची चिठ्ठी चिकटवून ती कपाटात ठेवा, आणि सगळ्यात लांब रिटेन्शन असलेल्या पूलची मुदत उलटेपर्यंत कोणाला फॉरमॅट करू देऊ नका.